ज्याची ओळ त्यानंच पुसायची

बालाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी परभणीत गाडीत पेट्रोल भरत होतो. त्याच्या धाकट्या भावाचा फोन होता. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... मला आधी आठवला तो शुक्रवार. "फाईल अडकलीय रे," बालाजी फोनवर म्हणाला होता. "तुझी-माझी ओळ एकाच जागी आलीय. ये, बसून बघू." मी म्हणालो, "सोमवारी येतो की, काय घाई हाय?" रविवारी तो गेला. सहा आठवडे झाले, ती 'काय घाई' अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

झरीत त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून आम्ही दोघं एक प्रोग्राम लिहायचो. कालव्याच्या पाण्याची पाळी कुठल्या गावाला कधी, हे शेतकऱ्यांना आपोआप फोन करून सांगणारा. लिहिणारे दोन, प्रोग्राम एक. आपापल्या प्रतीत दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली, की एकत्र करताना संगणक अडून बसतो. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडतो आणि म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा. याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. बालाजी त्याला 'भावकी' म्हणायचा.

पहिल्याच वर्षी अशी वीसेक ठिकाणं निघाली. मी वैतागून सगळीकडे 'माझंच ठेव' केलं आणि मोकळा झालो. बालाजीचं चार दिवसांचं काम गेलं. कालव्याच्या शेवटाकडची गावं त्यात होती, त्यांना फोन गेलेच नाहीत. जुन्या नोंदींतून त्याचं काम परत काढता आलं, पण त्या गावांची पाळी हुकली ती हुकलीच. बालाजी ओरडला नाही. गाडी काढून गावोगाव फिरला, चूक आमची म्हणून लोकांच्या शिव्या खाऊन आला. आल्यावर चहाचा कप माझ्यापुढं सरकवत एवढंच म्हणाला, "आजपासून दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा न्हाई. त्यानं ती का लिहिली ते आधी इचारायचं. मग जी जायची ती ज्याची त्यानंच पुसायची."

नियम त्याचा, फायदा मात्र माझा झाला. मी हट्टी माणूस. नऊ वेळा त्यानं आपली ओळ पुसली असेल, तेव्हा एखाद्या वेळी मी पुसली. याची आज लाज वाटते.

गेल्या आठवड्यात पाळी जाहीर झाली आणि झरीला त्याच खोलीत बसून ती फाईल उघडणं भागच पडलं. वर माझी ओळ होती: फोन उचलला नाही तर पुढच्या नंबराकडे जा. खाली त्याची: तीनदा लाव, मध्ये अर्धा तास सोड. माझं कारण सरळ होतं, यादी लवकर संपते. त्याचं कारण आता कुणाला विचारायचं? वहिनी, बालाजीची बायको, चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांना सांगितलं.

"माझ्यामुळंच केलं असंल, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी गोठ्यात, फोन घरात. पहिल्या वेळी मी कवाच सापडले न्हाई. लय चिडायचे माझ्यावर."

माझी ओळ मी पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुटले. यादीतला पहिला नंबर बालाजीनं चाचणीसाठी घरचाच टाकलेला. त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी मी बसलो होतो. आत फोन वाजला, वाजून थांबला. अर्ध्या तासानं पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वहिनी गोठ्यातून पदराला हात पुसत आल्या. फोन हातात घेतला, पण उचलेनात.

"यांच्याबिगर तीनदा कोण लावतंय मला..."

"उचला, वहिनी," मी म्हणालो. "चौथ्यांदा न्हाई लागत तो."