चार चेहऱ्यांचं कुंड

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझा जेवताना हात थांबतो. आणि मी जेवताना सहसा कशासाठीही थांबत नाही, हे आमच्या घरचं कुणीही सांगेल.

मी जर्मन पोलिसांत होतो. वडील र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात इंजिनियर म्हणून आले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे क्रिपोत, म्हणजे गुन्हे अन्वेषणात लागलो आणि मणक्याने दगा दिल्यामुळे वेळेआधीच घरी बसलो. चोरी विभागात माझा हातखंडा सायकलींचा. त्यामुळे माइन नदीकाठच्या एका खेड्यातून चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड गेल्याची फिर्याद आली तेव्हा साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला, तो केवळ सायकलींचा मोसम अजून सुरू झाला नव्हता म्हणून.

कुंड मध्ययुगातलं. तांबड्या वालुकाश्माचं, कमरेएवढं उंच, काठाखाली चार दिशांना चार चेहरे कोरलेले, त्यातल्या एकाचं नाक झिजलेलं. गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यावर जन्मल्यावर त्यातलंच पाणी पडलेलं. चर्चमध्ये फरशीचं काम निघालं म्हणून ते मागच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. एका सकाळी ताडपत्री जागेवर होती, कुंड नव्हतं. फाटकाचं कुलूप शाबूत.

कुलपाची किल्ली कुस्टरकडे असायची. कुस्टर म्हणजे चर्च उघडणारा, झाडणारा, घंटा वाजवणारा माणूस. हा म्हातारा विधुर होता, सगळा जन्म त्याच चर्चमध्ये काढलेला. मी त्याचा जबाब घेतला.

"कुलूप लावलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"लावलं नसतं तर मला झोप लागली नसती."

माझा विश्वास बसला. गावाचा बसला नाही. तो बेकरीत शिरला की रांगेतली बोलणी थांबायची. मुलाच्या घरासाठी त्यानेच कुंड विकलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. तो मधूनमधून मला फोन करायचा. "काही कळलं?" एवढंच विचारायचा. त्याला कुंड तर हवंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते लोकांनी पूर्वीसारखं थांबून दोन शब्द बोलणं.

आम्ही जुन्या वस्तूंचे व्यापारी पालथे घातले, लिलावांच्या याद्या चाळल्या. उन्हाळा गेला, हिवाळा आला, हाती काही नाही.

खबर शेवटी आली ती आमच्या घरातूनच. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात वर्षभराचे फोटो पडद्यावर दाखवत होते. गणपतीत आम्ही पुण्याला गेलो होतो, म्हणून बायको ते फोटो लक्ष देऊन बघत होती. मी तिळाच्या वड्या लक्ष देऊन खात होतो.

"अहो, बघा तरी. किती छान विसर्जन केलंय यांनी. नदीत परवानगी नाही तर अंगणातच."

मी वर पाहिलं. दगडी कुंडात मूर्ती निम्मी बुडालेली, आणि काठाखालून एक चेहरा माझ्याकडे बघत होता. नाक झिजलेला.

"काय हो, घास अडकला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत मी साहेबांना स्पष्ट सांगितलं, ही माझ्या ओळखीची माणसं आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, "भाषा तुलाच येते. सोबत एक सहकारी ने आणि नियमाने वाग."

घर एका मोटार इंजिनियरचं. तो, त्याची बायको आणि साताऱ्याहून आलेली त्याची आई, मंडळात सगळ्यांच्या आजी. बायको कामावर गेली होती. नियमाप्रमाणे मी त्याला त्याचे हक्क मराठीत समजावून सांगू लागलो. ते शब्द मराठीत मी कधी उच्चारले नव्हते, त्यामुळे एकंदर सूर मंगलाष्टकांचा लागला.

"तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे."

"लग्न झाल्यापासून गप्पच आहे तो," आजी म्हणाल्या. "चहा टाकू का, साहेब?"

इंजिनियर हसला नाही. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत पडून होता आणि घरात पोलीस बसले होते. कुंड कुठून आणलं विचारल्यावर तो म्हणाला, "गावाहून. साताऱ्याहून."

"विमानातून?"

"नाही... कंटेनरमधून, सर."

"अरे, काय बोलतोयस?" आजींनी कप खाली ठेवला. "साहेब, मोबाइलवर जाहिरात होती, गुरांना पाणी पाजायची डोणी म्हणून. मीच म्हटलं घे, बाप्पाला बरी आहे. एक माणूस टेम्पोतून घेऊन आला. चेहरे बघून मी विचारलं, हे देव कुठले? तो नुसता हसला."

भ्यालेला माणूस गुन्हेगारासारखाच खोटं बोलतो, फक्त त्याला ते जमत नाही. मी त्याला म्हटलं, "मोबाइल दाखवा." टेम्पोवाल्याचा नंबर अजून त्यात होता. माझ्या सहकाऱ्याने तो ठाण्यावर कळवला आणि थोड्याच वेळात उत्तर आलं, चर्चच्या फरशीचं काम घेणाऱ्या ठेकेदाराचा ड्रायव्हर. तिथल्या पाद्रीणबाईंनी कामापुरती दिलेली किल्ली काही दिवस त्याच्याकडे होती. म्हणजे कुस्टरने कुलूप लावलं होतं. मला इतका आनंद झाला की मी चहाला हो म्हटलं.

मग आम्ही मुद्देमाल बघायला अंगणात गेलो.

आठवडाभर कडक थंडी होती, पारा उणे बारापर्यंत उतरलेला. कुंडावर फळी ठेवलेली होती. मी ती उचलली. आत काठापर्यंत शाडूच्या रंगाचा बर्फ होता, आणि काठापासून तळापर्यंत दगड उभा फुटला होता. भेग एका चेहऱ्याच्या मधोमध गेली होती. मी हात लावला तसा एक तुकडा सुटून गवतावर पडला.

"पाणी का नाही काढलं?" मी विचारलं.

"बाप्पा विरघळलेलं पाणी गटारात ओतायचं?" आजी म्हणाल्या. "खालचं भोक शाडूनेच बुजवलं होतं. म्हटलं आटेल आपोआप. पाला पडू नये म्हणून फळी ठेवली." मग वाकून तो तुकडा बघत म्हणाल्या, "आमच्या विहिरीचा दगड जन्मभर पाण्यात आहे, बाळ. पाण्याने दगड कसा फुटेल?"

इथे थंडीआधी अंगणातलं प्रत्येक भांडं पालथं घालतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यावर रागवायला मला जागा सापडली नाही, आणि ती सापडली असती तर बरं झालं असतं.

ओळख पटवायला कुस्टरला बोलावलं. त्याने हातमोजा काढून भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गेनाऊ. अगदी हेच." मी त्याला सांगितलं, चोर सापडला, त्याने किल्लीची नक्कल करून घेतल्याचं कबूल केलंय, तुमच्यावर आता काही नाही. सहीसाठी मी पेन दिलं, ते त्याने नीट टोपण लावून परत केलं.

इंजिनियरवरची चौकशी पुढे बंद झाली, पण तोवर त्याचा अर्ज लटकला आणि तो कुटुंबासह दुसऱ्या शहरात निघून गेला. ड्रायव्हरला शिक्षा झाली. दगडाचं काम करणारे म्हणाले, सांधता येईल, पण पाणी धरणार नाही. तुकडे पेटीत गेले.

मी पाद्रीणबाईंना विनंती केली की कुस्टर निर्दोष आहे, हे रविवारी सगळ्यांसमोर सांगा. त्यांनी सांगितलं, नाव घेऊन, नीट. मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्रार्थना संपल्यावर कुस्टर नेहमीसारखा दार धरून उभा राहिला. लोक बाईंशी हात मिळवून, थंडीबद्दल बोलून पुढे जात होते. एक म्हातारी त्याच्यासमोर थांबली. मला वाटलं, आता.

"आल्झो, म्हणजे कुलूप तू लावलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"मग ते गेलं कसं?"

उत्तर तिने नुकतंच आत बसून ऐकलं होतं. तरी ती मान हलवत पायऱ्या उतरून गेली. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर कुस्टरने दार लावलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि पाद्रीणबाईंच्या हातात दिला. त्या नको म्हणाल्या. तो ओव्हरकोटची बटणं लावत राहिला.

नोकरीत मला वाटायचं, चोर सापडला की संशय संपतो. तसं होत नाही. चोराला आम्ही पकडू शकतो, पण गावाने एकदा ठरवलेलं कुठल्या कलमाखाली जप्त करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. ठाण्यावर परत येऊन मी फाइलवर 'निकाली' असं लिहिलं, कारण त्या जागी लिहायला दुसरा शब्द नव्हता.