ताईची लाडकी नायिका

आमच्या जुन्या सिनेमांच्या ग्रुपवर रविवारी आवडत्या नटनटीचा फोटो टाकून ‘ओळखा पाहू’ विचारायचं, हा नियम माझाच. आज माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, तिच्या लाडक्या नायिकेचा फोटो टाकला. कॉलेजात ताई हुबेहूब तिच्यासारखे केस बांधायची.

“अहो ताई, इतकं सोपं?” सगळ्यांनी थट्टा केली.

मग ताईचा मला फोन आला. “नुसते हसतायत गं सगळे. तू तरी सांग, कोण ही?”

ती खरंच विचारत होती. पडद्यावरचे चेहरे तरुणच राहतात. त्यांना जपणारं मन मात्र असं कुणाला न कळता रिकामं होत जातं?

मी नाव सांगितलं.

“हो का? गोड आहे गं दिसायला.”

फोन ठेवला आणि मी माझ्या आवडत्या नटांची नावं मोठ्याने म्हणत सुटले. थांबायचा धीर होईना.