सांबाराचं अर्धं बी

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी घरात जाहीर करून टाकलं, की आता मळा मी बघणार. शाळेत सदतीस वर्षं काढली, शेवटची नऊ रिठद गावी. एवढी पोरं वळणावर आणली, तिथं भाजीचे चार वाफे काय चीज? सासूबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाह्य बाप्पा, मास्तरीणबाई. मळ्याले शाळेची घंटी समजत नाही."

सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांच्या सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, वाशीमच्या बाजारात अजून गिऱ्हाईक विचारत येतं. बी घरचंच, त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. दुकानात तसं मिळत नाही. कार्तिकात त्यांनी डब्यातलं बी माझ्या पदरात ओतलं आणि बजावलं, "बारदान्यावर टाक, सपाट चप्पल घाल अन् हलकंच रगड. दाण्याचे दोन फाके झाले पाह्यजे, भुकटी नाही. मंग पेर."

चप्पल रगडत बसायला मला वेळ कुठला? निवृत्त माणसाइतकी घाई कोणालाच नसते. स्वयंपाकघरात मिक्सर होता. दोनदा घुर्र केलं, झाले फाके. शिकलेल्या बाईचं डोकं म्हणून स्वतःची पाठ थोपटली, वाफ्यात बी टाकलं आणि मोकळी झाले.

आठ दिवस गेले, दहा गेले, पंधरा गेले. वाफ्यात गवत तेवढं आलं. सासूबाई रोज विचारायच्या, "सांबार काय म्हणतो?" मी म्हणायची, "येऊन राह्यला." एरवी मी घरातसुद्धा पुस्तकी बोलते, पण खोटं बोलताना वऱ्हाडी आपसूक यायची. डब्यात एक दाणा उरला नव्हता. त्यांच्या सासूपासून जपलेलं बी मी दोन घुर्रमध्ये संपवलं होतं. वर्गात एखादं पोरगं खोटं बोललं की मी कशी झापायची, ते आठवून लाज वाटायची. दुकानातले धने आणून पेरावेत, असंही एकदा मनात आलं. पण पान चुरगळून हुंगल्याबरोबर म्हातारीनं ओळखलं असतं.

सोळाव्या दिवशी त्या काठी टेकत स्वतःच मळ्यात आल्या. वाकता येत नाही म्हणून काठीच्या टोकानं माती उकरून पाहिली. मग मला विचारलं, "चप्पल कोणती घातली होती तू?"

"मिक्सर," मी म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, डोळ्यांत पाणी आलं. "माय, सगळं बी गेलं. माझ्यामुळं गेलं."

त्या हसायलाच लागल्या. इतक्या, की ठसका लागला. "म्या जात्यात भरडलं होतं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या साली. सासू उठली. घरात गेली अन् लुगड्याच्या घडीतून पुरचुंडी काढून आणली. सून नवी असली की अर्धं बी बाहेर काढाचंच नाही, म्हणे."

"मी नवी? पस्तीस वर्षं झाली लग्नाला."

"मळ्यात तं कालच आली ना तू."

घरी येऊन त्यांनी ट्रंकेतून पुरचुंडी काढली. या खेपेला मी चप्पल घालून रगडत होते आणि त्या खाटेवर बसून माझ्या पायाकडे बघत होत्या. "हलकं, हलकं. कोनावर राग काढून राह्यली?" बारा दिवसांत वाफा हिरवा झाला.

फाल्गुनात बी पिकलं. सासूबाईंनी सुपात त्याचे दोन ढीग केले. एक डब्यात भरला, दुसरा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "हे तू ठिव. कुठी ठिवलं ते मले सांगू नको."

"का बरं?"

"पोराचं लगन करून राह्यली ना तू यंदा? तुही सून येईन. तिच्या हातून जाईन, तवा मी नसन."

असलं बोलू नका म्हणून मी रागावले. त्यांनी तूर निवडायला घेतली. मी पुरचुंडी नेऊन निवृत्तीला शाळेनं दिलेल्या साडीच्या घडीत ठेवली.

यंदा त्या नाहीत. सून आली आहे, चांगली शिकलेली, माझ्यासारखीच घाईची. कार्तिक लागताच म्हणाली, मळा आता मी बघते. मी बी तिच्या ओंजळीत ओतलं, चप्पल कशी रगडायची तेही सांगितलं. तिनं रिकाम्या डब्यात डोकावून विचारलं, "आई, सांबाराचं बी एवढंच आहे का?"

मी म्हटलं, "हो, एवढंच हाये."