गोलकीपरने बाबांबद्दल विचारलं

"भाऊ, हाफटाइम झाला काय?" आमच्या गोलकीपरनं, शालिकनं, मला पुन्हा विचारलं.

हाफटाइम केव्हाच झाला होता. दुसऱ्या हाफचा बराचसा खेळही उरकला होता. आम्ही एका गोलनं पुढे होतो, आणि तुमसरजवळच्या चिखल्याच्या खाण कॉलनीच्या मैदानावर फायनल चालू होती. प्रेक्षक सगळे समोरच्या टीमचे. हाच प्रश्न थोड्या वेळापूर्वी त्यानं विचारला तेव्हा मला वाटलं, आरडाओरड्यात माझं उत्तर त्याला ऐकू गेलं नसेल. आता मात्र मी वळून त्याच्याकडे नीट पाहिलं.

मी मूळचा पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत अनवाणी फुटबॉल खेळायचो. त्याच खेळावर नागपुरातल्या एका कंपनीत नोकरी मिळाली. आमच्या वेळी आपल्याकडे प्रोफेशनल खेळाडू म्हणजे हेच. हजेरी कंपनीची, सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस आणि सीझनमध्ये गावोगावच्या टूर्नामेंट. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी टीमचा कॅप्टन आणि स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा शेवटचा माणूस. त्या काळी स्टॉपरनं मागे दिलेला बॉल कीपरला हातानं उचलता यायचा. त्यामुळे सगळ्या मॅचभर माझं आणि शालिकचं बोलणं चालू असायचं.

शालिक वरठीचा. उंच, हसरा, हात फावड्यासारखे. कंपनीत तो अजून टेम्पररी होता. फायनल जिंकली तर त्याला पर्मनंट करायचं, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. साहेब म्हणजे आमचे टीम मॅनेजर.

झालं होतं असं. एक उंच बॉल पकडायला शालिक पुढे झेपावला आणि त्यांच्या फॉरवर्डचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला. पाण्याचा स्पंज फिरवला, तो उठला, "ठीक हाय" म्हणाला. रेफ्रीनं खेळ सुरू केला. रक्त नाही, सूज नाही. कोणाला काय कळणार?

बॉल बाहेर गेला तशी मी साइडलाइनकडे धाव घेतली.

"साहेब, शालिकचं काहीतरी बिघडलंय. तेच तेच विचारतोय."

"उभा आहे ना?"

"उभा आहे."

"मग खेळू दे. दोन्ही सब्स्टिट्यूट वापरून झालेत. दहा जणांत खेळणार आहेस का?"

मी परत आलो. शालिकनं आमचं बोलणं ओळखलं असावं.

"मले काढू नका भाऊ," तो म्हणाला. "मी बराबर खेळून राहिलो. आज नाही झालं तं मंग कधी पर्मनंट होईन?"

त्याचा आवाज इतका सरळ होता की मीच गोंधळलो. तेवढ्यात त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल गर्दीतून वळत आला आणि शालिकनं सगळ्यांच्या डोक्यावरून तो दोन्ही हातांनी अलगद काढला. त्या दिवसातला सगळ्यात चांगला कॅच. साइडलाइनवरून साहेब ओरडले, "बघितलंस?"

मला हायसं वाटलं. मी जवळ जाऊन त्याची पाठ थोपटली.

बॉल छातीशी धरून शालिक गर्दीकडे पाहत होता. "भाऊ," तो म्हणाला, "बाबा कुठं बसले? दिसून नाही राहिले."

शालिकचे बाबा आदल्या पावसाळ्यात वारले होते. आमची सगळी टीम वरठीला मातीला गेली होती.

मी त्याला बॉल खाली टाकायला लावला, तो बाहेर मारला आणि रेफ्रीला हाक मारली.

"कप्तान, एक बार बाहर गया तो वापस नहीं आएगा," रेफ्री म्हणाला.

"मालूम है."

साहेब मैदानात आले. "तू कॅप्टन आहेस, मालक नाहीस," ते दात आवळून म्हणाले. "हरलो तर उत्तर तू द्यायचं."

"देईन."

शालिक मात्र हलेना. त्यानं गोलपोस्टला मिठी मारली. लोकांना वाटलं आम्ही टाइमपास करतोय. शिट्ट्या, शिव्या सुरू झाल्या. शालिकचा मोठा भाऊ मधुकर मॅच पाहायला मोटरसायकलनं आला होता. तो गोलमागून धावत आला.

"का झालं रे बापू?"

"दादा, बाबाले सांग ना. हे मले काढून राहिले."

मधुकरचा चेहरा पांढरा पडला. तो शालिकच्या जवळ गेला. "चाल, बाबाकडेच जाऊ," म्हणाला आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. मैदानाबाहेर खाणीच्या दवाखान्याची जीप उभी होती. जीपजवळ पोचताच शालिक भडाभडा ओकला.

कीपरची जर्सी मी चढवली. ती माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती. आयुष्यात कधी गोलमध्ये उभा राहिलो नव्हतो. दोन गोल खाल्ले. दुसरा तर माझ्या हाताखालून गेला. लोक नाचत मैदानात घुसले. मी मात्र जीप गेली त्या तुमसरच्या रस्त्याकडे बघत होतो.

खाणीच्या डॉक्टरांनी शालिकला तसंच नागपूरला पाठवलं होतं. कवटीच्या आत रक्त साचत होतं. ऑपरेशन झालं. नंतर सर्जन मला म्हणाले, "डोक्याला आणखी एक मार बसला असता, तर मी काही करू शकलो नसतो."

शालिक वाचला. फुटबॉल सुटला. युनियननं पाठपुरावा केला म्हणून वर्षभरानं तो स्टोअरमध्ये पर्मनंट झाला. माझी कॅप्टनशिप गेली, आणि खेळाडूंना मिळणारी हलकी ड्यूटी जाऊन मशीन शॉपची शिफ्ट मिळाली. शालिकला ती मॅच अजिबात आठवत नाही. पहिले काही महिने तो मला म्हणायचा, "तुम्ही उगाच काढलं असन मले." मधुकर ऐकायचा आणि चहा सांगायचा.

पुढे मी पोरांना कोचिंग दिलं. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला "ठीक आहेस का?" असं मी विचारत नाही. त्यावर सगळेच हो म्हणतात. मी स्कोअर विचारतो.