सिदी तिजानींची उजवी कूस

ट्युनिशियातल्या आमच्या कैरवानमध्ये मशिदीमागच्या खोलीत सिदी तिजानी पोरांना कुराण शिकवत. उन्हाळ्यात दुपारी आम्ही पोरं तिथंच चटईवर आडवी व्हायचो. कुणी पालथं झोपलेलं दिसलं की ते अलगद त्याला उजव्या कुशीवर वळवत. पालथं झोपणं अल्लाला आवडत नाही, म्हणत. मलाही त्यांनी कितीदा वळवलं असेल. पुढं मी नर्स झाले, आणि साथीच्या उन्हाळ्यात ते माझ्याच वॉर्डात आले. तोंडावर मास्क, ओठ निळे पडलेले.

डॉक्टर म्हणाले, जमेल तितका वेळ पालथं झोपवा, फुप्फुसांची पाठीकडची बाजू मोकळी होते.

"सिदी, पालथे व्हा बघू."

"वेडी का गं तू? जन्मभर पोरांना काय शिकवलं मी?"

"दुखणाइताला माफ असतं, हेही तुम्हीच शिकवलंत."

"पाठांतर बरं आहे की!" ते धापा टाकत हसले. "तेव्हा कुठं गेलं होतं?"

झाले पालथे. थोड्या वेळानं बोटावरच्या यंत्राचा आकडा चढला, ओठांवर रंग आला. मला रडूच आलं. पण जरा ढास लागली की त्यांना वाटे, आता संपलं. मग घाईघाईनं उजव्या कुशीवर वळत आणि दम आणखीच तुटे. मी धावत जाऊन त्यांना पुन्हा पालथं करी.

"असे वळलात तर मराल, सिदी!"

"मरायचंच असेल तर पालथा सापडायचा नाही मी."

संतापून मी त्यांच्यावर ओरडले. एवढा शहाणा माणूस, आणि हट्ट हा असला! शेवटी, मरताना तोंड मक्केकडे हवं म्हणून, पालथं असतानाही ते तिकडंच राहील अशी खाट फिरवून दिली. त्यांनी तोंडभर दुवा दिला, आणि पुढची ढास येताच कूस बदलली.

एका दुपारी पलीकडचा म्हातारा अत्यवस्थ झाला, आम्ही सगळ्या तिकडं धावलो. परतले तेव्हा सिदी उजव्या कुशीवर होते, तळहात गालाखाली, आम्हा पोरांना झोपवायचे तसे. अंग अजून ऊन होतं, श्वास नव्हता. त्यांना पालथं करायला मी हात घातला आणि तसाच मागं घेतला.

फाटकाशी त्यांची बायको, लल्ला मब्रूका, उभी होती. आत कुणाला सोडत नव्हते.

"पालथे नव्हते ना गं गेले?"

"नाही, लल्ला. उजव्या कुशीवर होते."

"अल्हम्दुलिल्लाह!" तिनं डोळे पुसले. "तूच वळवलं असशील. अल्ला तुझं भलं करो, पोरी."

मी नाही म्हणाले नाही.