लाल गाडीचं पासिंग

उजवं इंडिकेटर लावलं की हेडलाइट मंद व्हायचे. हेडलाइट लावले की हॉर्न कण्हायचा. आणि हॉर्न दाबला की इंडिकेटर मान टाकायचं. तिघं एका ताटात जेवायला बसलेले, एकानं घास उचलला की दुसरा उपाशी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं पासिंग होतं.

पासिंग म्हणजे आरटीओच्या मैदानात गाडी नेऊन उभी करायची. तिथला साहेब दिवे लावायला सांगतो, हॉर्न वाजवायला सांगतो, ब्रेक बघतो. सगळं चाललं तर गाडी आणखी काही वर्षं रस्त्यावर. मागच्या खेपेला ती नापास झाली होती, दिव्यांपायीच. आता पुन्हा नापास झाली तर भंगारात देऊ, असं मी मुलाला सांगून बसले होते. रागात सांगितलं होतं, पण सांगितलं ते सांगितलं. त्यानं तर भंगारवाल्याला फोनसुद्धा करून ठेवला होता.

गाडी लाल, दोनच माणसांची, छत मागे सारता येणारी. आत बसलं की रस्ता बुडापासून वीतभर. देश सोडून निघालेल्या, खाणीवरच्या एका साहेबाकडून माझ्या वडिलांनी ती घेतली होती आणि माझ्या लग्नानंतर ती माझ्यामागोमाग सासरी आली. सासूबाईंचं म्हणणं, त्यापेक्षा फ्रिज आला असता तर बरं.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. डोळ्यांवर बशीएवढा काळा गॉगल, डोक्याला फडफडणारा रुमाल आणि गाडीचं ज्ञान एका शब्दाचं: ‘शॉर्ट’. वायपर थांबला, शॉर्ट. हॉर्न बसला, शॉर्ट. पेट्रोल संपलं तरी बया ‘शॉर्ट झालं वाटतं’ म्हणाली आणि धरमपेठेत भल्या भल्या माणसांकडून धक्का मारून घेतला. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची, आणि तार जळल्याचा वास सुटला की घरात उदबत्ती लावायची, म्हणजे सासऱ्यांना कळू नये. दिवे गेले तर डॅशबोर्डवर एक सणसणीत थापड. गंमत अशी की दिवे यायचे! मग ‘माझ्या हाताला गुण आहे’ असं जावांना सांगत फिरायची. ते गुणाचं गौडबंगाल मला या उन्हाळ्यात उकललं.

सक्करदऱ्याचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, “काकू, वायरिंग पूरी नवीन टाका.” त्याचंही चूक नव्हतं, तारा जुन्याच होत्या. पण त्याला लागणार होते पंधरा दिवस आणि माझ्याकडे होता एक. म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर मी साडीचा पदर खोचला, व्होल्ट मोजायचं मीटर घेतलं आणि पोर्चमध्ये गाडीसमोर पाट मांडला. मीटर वापरायला मी साठी उलटल्यावर शिकले. उशिरा का होईना, थापड मारण्याऐवजी मोजायला शिकले.

आमचे हे खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पेपरची घडी मोडण्यापलीकडे जड काम करत नाहीत.

“काहून जिवाले त्रास करून घेऊन राहिली वं?” ते म्हणाले. “थकली ते गाडी. आपल्यासारखीच.”

“तुमच्यासारखी म्हणा,” मी म्हटलं. “उठा, स्विच दाबा. मी सांगीन तेव्हाच दाबा, आणि मनानं काही करू नका.”

बॅटरी बघितली, ठणठणीत. फ्यूज काढून घासले, बसवले. मग हेडलाइट काढून त्याच्या दोन्ही तारा थेट बॅटरीला लावल्या, तर असा प्रकाश पडला की यांनी पेपर डोळ्यांवर धरला. हॉर्नही तसाच बॅटरीला लावला. शेजारचं कुत्रं फाटकाखालून पळालं. म्हणजे दिवा चांगला, हॉर्न चांगला. पुन्हा गाडीला जोडले, तर ये रे माझ्या मागल्या.

एकेकटे सगळे गुणी आणि एकत्र आले की भांडण. संयुक्त कुटुंबात इतकी वर्षं काढूनही हे मला लवकर उमगलं नाही, याची लाजच वाटली.

तेवढ्यात मुलाचा मिहानमधल्या ऑफिसातून फोन. “आई, झालं का? नसेल होत तर सोड. भंगारवाल्याला उद्या दुपारी ये म्हणू का?”

“तू तुझं जेव,” म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत ऊन असं तापलं की पान्ह्याला हात लावता येईना. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि ओल्याच हातानं कूलरचा पत्रा सरळ करायला गेले. हात झिणझिणला! ओरडलेच.

“चप्पल घाल, चप्पल!” हे आतून धावत आले. “किती वेळा सांगतलं तुले, ओल्या हातानं कूलरले हात नको लावू. अर्थिंग गेलं असंन. करंटले जायाले रस्ता नाही भेटला का तो तुह्यातून जाते.”

नागपुरात हे लहान पोराला माहीत असतं. कूलरचं अर्थिंग, चप्पल, कोरडा हात, हे आम्ही पाढ्यांआधी शिकतो. पण मी ओला हात तसाच धरून उभी राहिले. “अहो, पुन्हा म्हणा.”

“काय म्हणू?”

“रस्ता नाही भेटला तर.”

सकाळपासून मी वीज दिव्यापर्यंत येते की नाही हेच बघत होते. ती येत होती. पण आलेल्या विजेला परतही जावं लागतं. आणि जुन्या गाडीत परत जायला वेगळी तार बॅटरीपर्यंत नसतेच. गाडीची लोखंडी बॉडी हीच परतीची वाट. ती वाट बुजली की दिव्यातून आलेली वीज हॉर्नच्या घरात शिरते, हॉर्नची इंडिकेटरच्या.

कूलरचा प्लग काढला, चप्पल घातली आणि पुन्हा पोर्चमध्ये. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी हेडलाइटच्या काळ्या तारेला. “दाबा!” काटा शून्याजवळ राहायला हवा होता. तो चार व्होल्टवर गेला. इंडिकेटर लावलं, आणखी पुढे सरकला. दिव्याच्या वाटचे चार व्होल्ट वाटेतच कोणी खात होतं.

काळ्या तारेचा माग धरत हात आत घालत गेले. हेडलाइटची, हॉर्नची, इंडिकेटरची, सगळ्यांच्या काळ्या तारा पुढच्या उजव्या कोपऱ्यात, बंपरच्या आत, एकाच बोल्टला बांधलेल्या. टॉर्च मारला. बोल्ट कुठे, तिथे एक लालभडक ढेकूळ होतं. गंज समजून खरवडलं, तर बोटाला लागलं ते कुंकू. खाली हळद. त्याखाली पुन्हा कुंकू, मध्ये नारळाची शेंडी, आणि एक वाळलेली झेंडूची पाकळी.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पेपर वर केला.

आमच्या घरी दसऱ्याला गाडीचा नारळ जमिनीवर फोडत नाहीत. गाडीवरच, उजव्या कोपऱ्यात, बंपरच्या आतल्या लोखंडावर. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत आणि यांनी एक दसरा न चुकवता पाळलेली. नारळाचं पाणी आत, वरून हळदकुंकू. आणि माझी ती गुणी थापड? तिच्या हादऱ्यानं हा बोल्ट केसभर हलायचा, तेवढ्यापुरते दिवे यायचे.

“देवाचं काम आहे ते,” हे पेपरमागून म्हणाले.

“देवानं सांगितलं होतं का अर्थिंगवर फोडा म्हणून?”

“बापूजी फोडत.”

“तेव्हा गाडी तरणी होती. पान्हा द्या.”

पान्हा लावला, बोल्ट हलेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला, आणि बोल्ट मुळातून तुटून हातात आला. तारा लोंबकळत राहिल्या. यांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. “आता?”

“आता नवी वाट.” त्या कोपऱ्यापासून दूर, वर, पाणी पोचणार नाही अशी जागा शोधली. तिथला लाल रंग कानशीनं घासू लागले. मनगट भरून आलं तर यांनी कानस घेतली आणि उरलेला रंग घासला. वडिलांनी दिलेला रंग असा खरवडताना जीव थोडा कुरकुरला, पण रंगातून वीज जात नाही. लोखंड चांदीसारखं चमकलं तेव्हा भोक पाडलं, तारांची टोकं तासून नवा बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं.

“दाबा!”

समोरच्या भिंतीवर दोन पांढरी वर्तुळं पडली. इंडिकेटर लावलं, वर्तुळं हलली नाहीत. हॉर्न असा वाजला की आतल्या खोलीतली भांडी किणकिणली. मीटरचा काटा शून्यावर शहाण्यासारखा बसून.

सकाळी आरटीओच्या मैदानात आमचा नंबर लागला. साहेब म्हणाला, “हेडलाइट.” मी लावले. “इंडिकेटर. दोन्ही बाजू. हॉर्न.” डावा हात डॅशबोर्डकडे शिवशिवत होता. जुनी खोड. मी तो मांडीखाली दाबून बसले. साहेबानं गाडीभोवती चक्कर मारली, वाकून माझ्याकडे बघितलं. “आजी, गाडी तुम्ही आणली चालवत?”

“मग काय, यांनी?” मी शेजारी बोट दाखवलं. हे काच पुसण्यात गर्क.

गाडी पास झाली.

मुलाला फोन केला, भंगारवाल्याला नको म्हणून सांग. परतताना यांनी गाडी थांबवायला लावली, दुकानातून नारळ घेतला आणि सवयीनं थेट पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे निघाले. हात वर गेला. मी हॉर्न दाबला.

बिचारे वीतभर उडाले. मग नारळाकडे बघितलं, बंपरकडे बघितलं, माझ्याकडे तर बघितलंच नाही. फुटपाथच्या कडेच्या दगडावर जाऊन नारळ फोडला, कुंकवाचं एक बारीकसं बोट बॉनेटवर वरच्या वर टेकवलं आणि खोबऱ्याचा तुकडा खिडकीतून माझ्या हातात दिला.

“घे. आता कान फोडू नको माणसाचे.”

“वाजतो न पण?” मी विचारलं.

“वाजते वं बाई,” ते म्हणाले, “लईच वाजते.”