गाडीच्या नाकावरची हळद

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात प्रल्हाद बोकारेला कुणी ‘सध्या कुठल्या कंपनीत?’ असं विचारलं, की त्याच्या बायकोला, वसुधाला, आधी हसू यायचं. प्रल्हाद मोटारींच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका टीममध्ये टायरचं गणित करायचा, एवढं पक्कं. टीमचं नाव मात्र टिकायचं नाही. तो आला तेव्हा टीम म्हाताऱ्या बार्लोची होती आणि नावही त्याचंच. मग एका मोटार कंपनीनं पैसे मोजून मागे आपलं नाव जोडलं. पुढे कंपनी आधी, बार्लो नंतर. शेवटी कंपनीनं टीमच विकत घेतली आणि बार्लो गळाला. प्रत्येक नावाचे नवे टी-शर्ट यायचे, जुन्यांची वसुधा फडकी करायची. “आमच्याकडे ओटासुद्धा माजी मालक पुसतात,” असं ती सांगायची.

दर खंडेनवमीला प्रल्हाद शेडमध्ये पूजा करायचा. पान्यांना, जॅकला हळद-कुंकू, टायरखाली लिंबू. मेकॅनिक मंडळी टोप्या काढून उभी राहायची आणि नारळ फुटला की खोबऱ्यावर तुटून पडायची. बार्लोच्या काळात हळदीचं बोट थेट गाडीच्या नाकावर लागायचं. कंपनी आल्यावर पहिल्याच वर्षी तिचा माणूस कडाडला, “नाकाचे पैसे आम्ही दिलेत! तिथे आमच्या नावाखेरीज काही दिसता कामा नये.” तेव्हापासून देवाची सोय एका सुट्या चाकावर लागली.

दोन हजार आठ साली कंपनीनं रेसिंगमधून अंग काढून घेतलं. टीम पुन्हा बार्लोकडे जाणार होती, पण तो निम्मीच माणसं ठेवणार होता. प्रल्हादचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. कोण राहणार, कोण जाणार, याचा निकाल नेमका खंडेनवमीला होता.

“भीती नाही वाटत?” हळदीची डबी देताना वसुधानं विचारलं.

“काहीच वाटत नाही गं. लिंबू दिलंस ना?”

“दिलं. अरे, थोडं तरी टेन्शन घे ना!”

“बघतो, वेळ मिळाला तर.”

शेडवर पोचताच बार्लोनं त्याला आत बोलावलं. “प्राल, गणित आता टायरवालेच करून देणार. तुला नाही ठेवता येत, बाबा.” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. प्रल्हादनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला, “असू दे, असू दे,” म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेर डेनी मेकॅनिक टोपी हातात घेऊन उभा होता. मागे बाकीचे. गाडीच्या नाकावरची अक्षरं खरवडून काढलेली होती.

“उरक लवकर, भूक लागलीय,” डेनी म्हणाला. “आणि चाक राहू दे. नाक आता कुणाचंच नाही.”

प्रल्हादनं हळदीचं बोट टेकवलं. एरवी या क्षणी त्याला नागपूरचं घर, वडिलांची लुना, सगळं आठवायचं. आज पत्रा गार लागला, एवढंच. नारळ फुटला.

“पुढच्या वर्षी कोण करणार हे?” खोबरं चावत डेनीनं विचारलं.

“तू कर. टोपी काढायला तर येतेच तुला.”

डेनी हसला नाही.

घरी वसुधा ओटा पुसत होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हातातलं फडकं उलटलं, तर त्यावर बार्लोचं पुसट नाव.

“अगंबाई, हा तर तुझा पहिला शर्ट. धुवून ठेवू का?”

“कशाला? कडेला चहा सांडलाय बघ, तो पूस,” प्रल्हाद म्हणाला आणि हळदीची डबी जागेवर ठेवायला वळला.